महारुद्र कोणत्या रकान्यात

(मुरुमचा सरकारी दवाखाना, १९६१. डॉक्टरांपुढं मयत महारुद्रची बायको गजराबाई आणि धाकटा भाऊ सिदू.)

सिदू : लिवा की साब, अफू खाऊन जीव दिला. ह्या वैनीच्या तोंडाला कंटाळला माजा भाऊ. सारं गाव म्हंतंय.

गजराबाई : गाव आलं हुतं व्हय बघाया? जीव न्हाय दिला त्यांनी!

डॉक्टर : भांडू नका. हा तक्ता दिल्लीहून आलाय. विलायतेत नशेनं किती दगावले, अमेरिकेत किती, आपल्यात किती, ताडून बघणार आहेत. कुणी अपघात लिहितं, कुणी त्यालाच आत्महत्या. आपल्याकडं तर ताप लिहून मोकळे! मला खोटं लिहायचं नाही. गजराबाई, गोळी कुणी केली?

गजराबाई : म्याच. पंधरा वर्सं म्याच करते. हरभऱ्याच्या डाळीएवढी.

डॉक्टर : त्या दिवशी मोठी झाली?

गजराबाई : तीळभर न्हाय. माजी चिमूट चुकत न्हाय.

डॉक्टर : आणि आदल्या दिवशी?

गजराबाई : आदल्या दिवशी कुठली? अफूबाजाची लेक म्हणून पोरीची सोयरीक मोडली. तवा तुळजापूरला आईपुढं शपथ घेतली त्यांनी. महिनाभर शिवली न्हाय. पर डोळ्याला डोळा लागंना. म्हणले, अगं, एवढी एक बारी दे. मला बघवंना हो. सरकारी परवान्यावर मिळायची त्यातली अफू उरली हुती, ती दिली. निजले ते उठलेच न्हाईत.

डॉक्टर : अरेरे! बाई, महिन्यात अंगाची सवय मोडते. मग जुनी गोळीच विष होते. या महिन्याची अफू लिहून घ्यायला परवाना घेऊन माझ्याकडं आला नाही, तेव्हा मला वाटलं, सुटला बिचारा. मीच बोलवून सांगायला हवं होतं.

सिदू : वैनी... म्या लई वंगाळ बोललो.

गजराबाई : म्हंजी माज्याच हातानं गेले.

डॉक्टर : मायेनं दिलीत. अपघात लिहितो.

गजराबाई : नुसतं तेवढं नगं. बायकूनं दिली, तिला ठावं नव्हतं, असं लिवा. तिकडल्या बायांनाबी कुणी सांगितलं नसंल. एखादी तरी हात आवरील.

डॉक्टर : त्याला रकाना नाही, बाई.

सिदू : कडंला जागा हाय की, साब.