पाय पडला कुणाचा, बोल लागला कुणाला

मंडळी, नामाचा गजर झाला, घसे मोकळे झाले. आता कान मोकळे करा! आज एक प्रश्न विचारतो. दोन माणसं हातात हात घालून चालली आहेत. चालता चालता पायात पाय अडकला. सांगा — चूक कुणाची?

काय म्हणालात? “ज्याला लागलं नाही, त्याची!” वा! वकील दिसताय! पण थांबा. ज्याला लागलं नाही तो कबूल कुठं करतो? तिथंच तर सगळं घोडं अडतं! ऐका.

बेळगावात भुजंगराव अष्टेकर नावाचे गृहस्थ. शाळेत एकतीस वर्षं ड्रिल मास्तर. छाती पुढं, मिशी वर, आवाज असा, की मैदानावर ‘सावधान!’ म्हटलं तर पलीकडच्या गल्लीतली म्हैस उभी राहायची! त्यांच्या पत्नी मालनबाई. घरी शिवणयंत्र, गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज त्यांच्याकडे. बोलणं कमी. मास्तरांच्या घरात दुसऱ्याला बोलायला जागा होती कुठं?

त्यांची एकुलती एक लेक वैजयंती. तिचं लग्न ठरलं म्हापशाच्या ख्रिस्ती मुलाशी. मुलगा गुणी, माणसं चांगली. आता तुम्ही कान टवकारलेत! नाही, भांडण नाही झालं! दोन्हीकडे आनंद होता. तुम्हाला आनंदाची गोष्ट पचत नाही का हो?

तर वैजयंतीचा फोन आला. “बाबा, त्यांच्याकडे रिसेप्शनला आधी नवरानवरी नाचतात, मग दोघांचे आईवडील. वॉल्ट्झ म्हणतात त्याला. तुम्ही आणि आई नाचाल ना?”

मास्तर म्हणाले, “मी? नाच?”

मालनबाई यंत्रावरून उठल्या. म्हणाल्या, “आपण शिकू या की. दोन महिने आहेत. लेकीच्या लग्नात मी खांबासारखी उभी राहणार नाही.”

 छत्तीस वर्षांत या बाईनं ‘मी हे करणार नाही’ असं पहिल्यांदा म्हटलं होतं!

बेळगावच्या कॅम्प भागात फिलोमिनाबाई म्हणून सत्तरीच्या शिक्षिका. काडीसारख्या बारीक, हातात वेताची छडी. एका जुन्या हॉलमध्ये त्या जोडीनं करायचे नाच शिकवायच्या. पहिल्या दिवशी मास्तर गेले ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. बाईंनी खाली बघितलं.

“मास्तर, रबराचा तळ आहे. फरशीला चिकटेल. गुळगुळीत तळाचे बूट आण.”

“एकतीस वर्षं मी याच बुटांत—”

“तेव्हा तू नाचत नव्हतास.”

हशा पिकला! मास्तरांच्या मिशीचं एक टोक खाली आलं.

मग बाई म्हणाल्या, “आता बायकोच्या पाठीवर हात ठेव. खांद्याच्या हाडाखाली.” मास्तरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चार माणसांत? स्वतःच्या बायकोला? हात असा ठेवला, जसा तापलेल्या तव्यावर! हसू नका, तुम्ही तरी कधी ठेवलात?

आता या नाचाचा ताल तीनाचा. मृदंगबुवा, दाखवा जरा — धा धिं ना… बस! बस!! अहो, तीन मात्रा मागितल्या, तुम्ही मैफल मांडली!

तर तीन मात्रा. पुरुषानं एकला डावा पाय पुढं टाकायचा, दोनला उजवा बाजूला, तीनला डावा आणून जुळवायचा. मग एकला उजवा पाय मागं, दोनला डावा बाजूला, तीनला पुन्हा जुळवायचे. जमिनीवर चौकोन होतो. बाईचे पाय याच्या उलट. तो पुढं आला की ती मागं, तो मागं गेला की ती पुढं. एवढंच! पण मास्तरांच्या हाडात भिनलेलं — एक-दोन, एक-दोन! तीनचं करायचं काय? ते पाय जुळवायचे आणि टाच आपटायचे — खाट! सावधान! खाली मालनबाईंचा अंगठा!

“मालन! तू पाय मध्ये का आणलास?”

पुन्हा सुरू. आता मागं जायची पाळी. मास्तर हलेनात! मालनबाई बरोबर तालात पुढं आल्या आणि छातीवर आदळल्या.

“मालन! तू चुकलीस!”

बाईंची छडी फरशीवर वाजली. “ती नाही चुकली. तुला मागं जायचं होतं.”

“मागं? मी पोरांना कायम पुढंच चालवलंय!”

“म्हणून तर आज तूच तिच्यापुढं भिंत झालास.”

मंडळी, तीन आठवडे हेच! दर मंगळवारी, दर शुक्रवारी. मास्तर चुकायचे आणि मालनबाई बोलणी खायच्या. “तुझा हात जड आहे.” “तू ताल ऐकत नाहीस.” “तुझी साडी मध्ये येते.” एकदा तर म्हणाले, “तू श्वास मोठ्यानं घेतेस, माझं मोजणं चुकतं!” आता या माणसाला काय करावं? सांगा, काय करावं!

चौथ्या आठवड्यात मास्तरांची टाच अशी पडली की मालनबाईंच्या अंगठ्याचं नख उलटलं. रक्त आलं. त्या खाली बसल्या. आणि मास्तर सगळ्या हॉलसमोर ओरडले, “एवढं साधं कळत नाही तुला?”

फिलोमिनाबाईंनी गाणं बंद केलं. दार उघडलं. म्हणाल्या, “मास्तर, घरी जा. तुला शिकायचं नाही. तुला फक्त शिकवायचं आहे.”

गेले! फणफणत गेले! घरी जाहीर केलं — हा नाचबिच आपल्याला नको, म्हापशाला खुर्चीत बसून टाळ्या वाजवू. मालनबाईंनी अंगठ्याला पट्टी बांधली आणि शुक्रवारी एकट्याच रिक्षानं गेल्या. मंगळवारीही गेल्या. मास्तर ओट्यावर बसून राहायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला नाचाचे तोटे सांगत!

तिसऱ्या खेपेला मात्र राहवेना. उठले, हॉलपाशी गेले, दाराआड उभे राहिले. आत मालनबाई नाचत होत्या. जोडीला आंतोन नावाचे विधुर म्हातारे, बेकरी चालवलेले, पोट मोठं. नाच कसला, नुसती दोघांची कसरत! तेवढ्यात आंतोनचा पाय मालनबाईंच्या पायावर पडला.

“अगे बाय! माझा पाय चुकला! लागलं तुला?”

आणि मालनबाई हसल्या. तोंडावर हात न धरता, मोकळ्या! हे हसणं मास्तरांनी कधी ऐकलंच नव्हतं.

तास सुटला, मालनबाई बाहेर आल्या. दोघं घरी निघाल्यावर मास्तर म्हणाले, “तो पाव भाजणारा काय माझ्यापेक्षा बरा नाचतो?”

“नाही.”

“मग त्याच्यात काय आहे?”

मालनबाई चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, “त्याचा पाय चुकला की तो ‘माझा पाय चुकला’ म्हणतो. तुमचा चुकला की मी चुकते.”

“मी असं कधी म्हटलं?”

“स्कूटर तुम्ही गटारात घातलीत. म्हणालात, तू मागं हललीस. दार तुम्ही ढकललंत, दूध सांडलं. म्हणालात, मध्ये कशाला ठेवलंस. हे मी सोडून दिलं. पण वैजू चार वर्षांची असताना तापली. डॉक्टरकडे नेऊ या, असं मी दोन दिवस म्हणत होते. तुम्ही म्हणालात, सर्दी आहे, पोरीला नाजूक करू नकोस. मग आठ दिवस दवाखान्यात काढले. आणि तुमची आई आली, तेव्हा तिच्यासमोर म्हणालात — आई असून हिला कळलं नाही!”

मास्तरांनी मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही!

“अहो, मला तेव्हाच कळलं होतं. चोवीस वर्षं मी हे गिळून बसले आहे.”

एवढं बोलून त्या चालू लागल्या. आणि मंडळी, ज्यानं शेकडो पोरांना हुकूम दिले, तो माणूस बायकोच्या मागं मागं चालला!

मंगळवारी मास्तर हॉलवर गेले. पायात गुळगुळीत तळाचे बूट. फिलोमिनाबाईंसमोर उभे राहिले. “बाई, मला मागं जायला शिकवा.”

बाईंनी त्यांना तासभर एकट्यालाच मागं चालवलं! घामाघूम झाले. मग मालनबाईंना बोलावलं. गाणं लागलं. एक-दोन-तीन. एक-दोन-तीन. मास्तर मागं गेले, मालनबाई पुढं आल्या. चौकोन झाला! दुसरा झाला! तिसऱ्याला… पडला पाय! त्याच अंगठ्यावर!

मालनबाईंनी डोळे मिटले. आता बोल येणार. मास्तरांचं तोंड उघडलं. “तू…” एवढं आलं! जुनी खोड हो, दातापर्यंत येते! त्यांनी ती गिळली. 

“चुकलो,” ते म्हणाले.

मालनबाईंनी डोळे उघडले.

“पाय माझा होता. आणि वैजूच्या तापातही… तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. माझी चूक, मालन. आईसमोर बोललो, ती त्याहून मोठी.”

मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले. नवऱ्याचा हात उचलून पुन्हा आपल्या पाठीवर ठेवला. म्हणाल्या, “मोजा. गाणं पुढं चाललंय.”

म्हापशाला नाचले का? नाचले! चांगलं? छे! तीनदा चुकले. तिन्ही वेळा मास्तर ‘चुकलो!’ म्हणाले आणि आवाज तो मैदानाचा! सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. व्याही दचकले. लेक हसत हसत रडली.

कळलं मंडळी? मान काय डोलवता! मान डोलवायला काय लागतं? एक तीन अक्षरी शब्द आहे. जप सोपा, उपास सोपा, हा शब्द कठीण! देवापुढं रोज म्हणता — देवा, चुकलो! देव काय उलटून विचारणार आहे? जिच्या अंगठ्यावर पाय दिलात, तिच्यापुढं म्हणा!

आणि ‘बुवा, तुम्ही म्हणता का?’ असं मला विचारू नका. आमची बायको तिकडे खांबाजवळ बसली आहे. बघा — केव्हापासून माझ्याकडे बघून हसते आहे!

चुकलो गं बाई! लोकांसमोर म्हणतो, चुकलो!

मी म्हटलं. आता घरी जा, आणि दिवा लावायच्या आधी तुम्ही म्हणा!