लिंबाखालचा जोसेफ

स्टॉकटनच्या एका बँकेत नंबरची वाट बघणाऱ्या मार्थाशेजारी एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"कर्जाहून कमी किमतीत आपलं घर विकू द्यायला बँक तयार आहे, ओफेलिया. पण गिऱ्हाईक हवं. नाहीतर जप्ती येईल, खिडक्यांना फळ्या ठोकतील."

"आणि माझं लिंबाचं झाड?"

"वाळेल. रिकाम्या घरात पाणी कोण घालणार? घर विकलं जावं म्हणून संत जोसेफचा छोटा पुतळा अंगणात उलटा पुरला, तरी कुणी फिरकत नाही."

"कसं फिरकेल, रेफुहियो? तो माझ्या पर्समध्ये बसलाय."

"उकरून काढलास?"

"दुसऱ्याच दिवशी. मला जायचं नव्हतं रे."

मार्थाचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

"वेडे. आण इकडे, परत पुरतो."

"नको, आज मीच पुरते. लिंबाच्या बुंध्याशी. येणारा पाणी तरी घालील."