जमीन दाजींची

...आन वर दाजी मलाच म्हनत्यात, तू त्या दिवशी गप का बसलास! आता तुमीच सांगा मंडळी, बहिणीचा नवरा खरेदीखतावर सही करायला पेन उघडून बसलाय, तिथं मेव्हण्यानं तोंड उघडायचं असतं का? उघडलं तर म्हननार, सासरवाडीची दृष्ट लागली. न्हाई उघडलं तर हे असं.

दाजी म्हंजे आमच्या मनकर्णाआक्काचे मालक, गहिनीनाथ. बेलापूरला ऱ्हातात, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. आक्काला लगीन झाल्यापास्नं एकच हौस, भाड्याच्या खोल्यातनं निघायचं आन स्वतःच्या आढ्याखाली चूल मांडायची. भिंती उभ्या झाल्या, आढ्याला लाकूड न्हाई. वखारीतलं लाकूड दाजींच्या मनाला येईना. त्यात राजूरचे उत्तमराव भेटले, म्हनले, "लाकूड कशाला घेता, रानच घ्या की. अख्खी झाडी हाय." झालं! दाजींनी राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्यांचंच रान घेतलं. दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. जमीन दाजींची.

तुमाला सांगतो, मी बरोबर गेल्तो. खिशात सातबाऱ्याची घडी, संगं कुऱ्हाडवाला, आन दाजी जांभळाच्या एका सरळसोट झाडापुढं जाऊन उभे. खालनं वर बघितलं, कवेत घेऊन बघितलं, म्हनले, "हे आढं. मनकर्णाचं आढं." कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात मागनं आवाज, "पावनं, जरा थांबा."

कोन? तर भिमाबाई. साठी उलटलेली, डोक्यावर पाटी, तोंडात मशेरी, बोलनं एकदम सावकाश. "झाड माजं हाय."

दाजी म्हनले, "बाई, जमीन माझी हाय."

"असंल की. म्या कुटं जमीन म्हनले?"

तिकडं रीतच तशी हाय... लेक सासरी निघाली की आईबाप तिला चोळीसाठी एक झाड द्यायचे. मग जमीन धा जनांना विका, झाड लेकीचं ते लेकीचं. तिनं वर्साला यायचं, फळ उतरायचं, बाजारात विकायचं, खण घ्यायचा. कागद न्हाई, शिक्का न्हाई, पर गावातल्या शेंबड्या पोराला इचारा, कुठलं झाड कुठल्या लेकीचं. आन आमचे दाजी काट्यावरचे! उसाची गाडी काट्यावर चढली की वाढ्या-पाचटासकट समदं कारखान्याचं, एवढंच त्यांना ठावं. त्यांना वाटलं, खरेदीखत झालं म्हंजे मुळापास्नं शेंड्यापतुर आपलं.

मग काय, रांगच लागली. हा हिरडा चांगुणाबाईचा. तो आंबा रंगुबाईचा, ती नांदती कोपरगावला, पर आंबा इथं. साग तेवढे बिनलेकीचे निघाले, दाजी जरा हरखले, तर जंगलखात्याचा गार्ड म्हनला, "साग सरकारचा, हात लावायचा न्हाई." उत्तमरावांना गाठलं. ते पान जुळवत म्हनले, "गहिनीनाथराव, झाडी हाय म्हनलो व्हतो मी. माझी हाय असं कुठं म्हनलो?"

आन शेतसारा? सारा कुनाला? त्याची मागनी बरोबर बेलापूरचा पत्ता काढत यायची. सारा, वर जिल्हा परिषदेचा उपकर, त्याच्यावर शिक्षणकर. गावातल्या सहादूनं शेळ्यांना तिथं खोपट घातलेलं, त्याची घरपट्टी दाजींना! दाजी म्हनले, "अहो खोपट सहादूचं, शेळ्या सहादूच्या..." ग्रामसेवक म्हनला, "पर उभं कुनाच्या जमिनीत हाय?" जमीन दाजींची. पुढल्या साली दुष्काळ पडला, खाली लोकांना सारामाफी झाली. दाजीबी अर्ज घेऊन गेले. तलाठ्यानं खिडकीतनं डोंगराकडं बोट केलं, "एवढं हिरवंगार दिसतंय, आन माफी मागता व्हय?"

शेवटी आक्का पेटली. "तुमच्यानं व्हनार न्हाई. त्या भिमाबाईकडं मी बघते." पदर खोचून निघाली, आमी दोघं मागं, जीव मुठीत धरून. तर भांडान कसलं न् काय कसलं... भिमाबाईनं आधी पानी दिलं, मग इचारलं, "माहेर कुटलं, बाई?"

आक्का म्हनली, "आईबाप गेले. भाऊ हाय, हा असा." आन बोट माझ्याकडं.

भिमाबाईनं मला खालनं वर बघितलं, आन तिचे डोळेच भरले. म्हनली, "मला लेक न्हाई, तुला आई न्हाई." तिथंच आक्काची ओटी भरली, जांभळाच्या खोडाला हळदकुंकू लावलं. "हे तुज्या चोळीला." आक्का लहान पोरीगत रडली. खरं सांगतो, माझ्याबी डोळ्यात पानी आलं.

दाजींचा आनंद तर इचारूच नका. झाड घरात आलं की! कुऱ्हाडवाल्याला हाक मारायला पळाले, तर आक्का खोडाला पाठ लावून उभी.

"कुठं निघालात?"

"आढं... तुझं आढं..."

"चोळीचं झाड कुनी तोडतं का? मला आईनं दिलंय ते."

"अगं पर घर?"

"पत्रे टाका."

टाकले. आता आक्का वर्साला राजूरला माहेरपनाला जाते, जांभळं विकते, खण घेऊन येते, आन दाजी तापल्या पत्र्याखाली घाम पुसत बसतात. परवा सारा भरायची येळ आली. दाजी दबकत दबकत म्हनले, "मनकर्णा, जांभळाचं काही आलं असंल तर... त्यातनं सारा..."

आक्का खणाची घडी घालत हुती. मान वर न करता म्हनली, "का? जमीन कुनाची हाय?"