चौथ्या प्रकरणातल्या अकरा फेऱ्या

पंढरीनाथ : ...सगळी साम्राज्यं घाईने बुडाली, इशिता. नऊ दिवस तुझा गेम खेळून युद्धाचं सार मला कळलंय. शत्रूला आधी दमवायचं. काल एक पांढरा, ढेरपोट्या आडवा आला, डोंगराएवढा. चाळीस मिनिटं वल्ह्याने हाणत होतो. जागचा हलला नाही, पण उलटा वार करायची त्याची हिंमत झाली नाही.

इशिता : बाबा, तो मिठाचा ढीग आहे.

पंढरीनाथ : मिठाचा.

इशिता : आपल्या जवळची, मुर्धा गावची मिठागरं बघून काढलाय. नुसता शोभेला.

पंढरीनाथ : तरीच मला जरा अबोल वाटला.

इशिता : आवाज कमी करा ना थोडा. एक वाजेपर्यंत रोशनला उत्तर द्यायचंय. तुम्ही चौथं प्रकरण बघून सांगतो म्हणालात, आणि पाऊण वाजला.

पंढरीनाथ : रोशन म्हणजे तो, आई गेली तेव्हा मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवणारा?

इशिता : साहेब आहे माझा.

पंढरीनाथ : फुलं चांगली होती. हलत होती.

इशिता : गेम खेळलेल्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवू का? म्हणजे तुम्हाला ठरवायला सोपं जाईल. फाइट सगळ्यांना आवडल्यात. वल्ह्याचं वजन हाताला जाणवतं म्हणतात. स्टोरी बरी आहे म्हणतात.

पंढरीनाथ : बरी का? शेजारच्या पंचशीलाताई विचारत होत्या, स्पिन-ऑफ म्हणजे काय हो. मी म्हटलं, मोठ्या गेममध्ये राजपुत्राला खाडीपार सोडणारी एक नावाडीण होती, दोन मिनिटं दिसायची. आमच्या इशूने तिलाच धरून वेगळा गेम लिहिला. मोठ्या भावाच्या ओळखीवर धाकट्याला शाळेत घेतात, तसं. त्या म्हणाल्या, मग धाकटाच हुशार निघतो.

इशिता : पेसिंगवर, म्हणजे वेगावर मात्र सगळे तुटून पडलेत. पहिली तीन प्रकरणं वाऱ्यासारखी जातात आणि चौथ्यात गेम मरतो, असं. एकाने लिहिलंय, आपण राक्षस मारायला आलोय की पेशंटला सोडायला?

पंढरीनाथ : प्रश्न रास्त आहे.

इशिता : आजारी बहिणीला बोटीत बसवायचं, पलीकडे वैद्याकडे न्यायचं, परत आणायचं. अकरा वेळा. मध्ये एकही शत्रू नाही. शंभरातले साठ जण चौथ्या फेरीला गेम सोडून देतात. रोशनकडे आकडे आहेत.

पंढरीनाथ : तुझ्या आईचंही तेच झालं की. डायलिसिस सुरू झालं तेव्हा सोबतीला यायला रांग होती. मामा आला, ठाण्याची मावशी आली, माझ्या टेलिफोन खात्यातले दोघे आले. चौथ्या खेपेपासून सगळ्यांना कामं निघाली. पंचशीलाताई तेवढ्या राहिल्या.

इशिता : सोमवारी अपडेट येतंय. अकराच्या अकरा फेऱ्या काढून चाळीस सेकंदांची एक फिल्म टाकायची म्हणतात. बोट जाते, बोट येते, बहीण वारते, पुढे फाइट. मी हो म्हटलं तर ती फिल्म मीच लिहिणार. नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून लिहून घेतील आणि पुढच्या गेमला मी नसेन. रोशनने हे फार गोड आवाजात सांगितलं.

पंढरीनाथ : आणि तुला काय वाटतं?

इशिता : काहीच नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे. आईला जाऊन सात महिने झाले, बाबा. लोक भेटायला आले तेव्हा मी एकेकाला चहात साखर किती ते विचारत होते. आताही हो म्हणावंसं वाटत नाही आणि नाही म्हणावंसंही वाटत नाही. म्हणून तुम्हाला खेळायला बसवलं.

पंढरीनाथ : माझं तरी कुठे वेगळं आहे? परवा तिचा चष्मा सापडला, तर मी तो पुसून परत डब्यात ठेवला. नंबर बदलायला टाकणार होतो बहुतेक.

इशिता : मग सांगा ना. कुठवर आलात?

पंढरीनाथ : पहिल्या फेरीत आहे.

इशिता : अजून पहिल्याच? तुम्ही दहाला बसलात. ती सहा मिनिटांची आहे.

पंढरीनाथ : असेल. बोट काठाला लागली केव्हाच. बहीण समोर बसलीय, पाठ करून. निघताना म्हणाली, चूल विझवलीस ना?

इशिता : हो.

पंढरीनाथ : डायलिसिसला निघताना रिक्षा आपल्या पूनम सागर सोसायटीच्या बाहेर पडली की शुभदा हेच विचारायची. गॅस बंद केलात ना? अडीच वर्षं. मी दर वेळी हो म्हणायचो आणि दर वेळी मला शंका यायची.

इशिता : माहितीये. मागच्या सीटवर मी असायचे ना कधी कधी.

पंढरीनाथ : कधी कधी.

इशिता : काठाला लागल्यावर तुम्ही उतरला नाहीत?

पंढरीनाथ : नाही.

इशिता : का?

पंढरीनाथ : तिकडे हॉस्पिटलात तरी कुठे उठायचो? तिला आत घेतलं की चार तास त्या निळ्या खुर्चीवर. समोर पाण्याची टाकी. तीस वर्षं खात्यात लोकांना प्रतीक्षा करा सांगितलं, त्याची सव्याज परतफेड. आताही तसाच बसलोय. ती काही बोलत नाहीये, मीही नाही. पाणी हलतंय. तुझं पाणी छान झालंय.

इशिता : पावणेतीन तास बसलात तिच्याजवळ?

पंढरीनाथ : एकदा मध्ये लघवीला गेलो.

(फोन थरथरतो. कुणी उचलत नाही.)

पंढरीनाथ : एक सांगू का? एकदा मी गेलोच नव्हतो. सोसायटीची मीटिंग आहे म्हणालो आणि तिला पंचशीलाताईंबरोबर पाठवलं. मीटिंग नव्हती. मी इथेच बसून होतो, पंखा बघत.

इशिता : आईला माहीत होतं.

पंढरीनाथ : कुणी सांगितलं?

इशिता : सेक्रेटरी जिन्यातच भेटले तिला. घरी आल्यावर मला म्हणाली, बोलू नकोस काही, एक दिवस सुट्टी मिळू दे त्यांना.

पंढरीनाथ : अस्सं.

इशिता : सातव्या फेरीत नावाडीण येत नाही, बाबा. घाटावर बसून राहते. बहीण स्वतः वल्हं मारत जाते आणि स्वतःच परत येते. आल्यावर विचारते, जेवलीस का?

पंढरीनाथ : म्हणजे माझी दांडी तू जगभर विकलीस.

इशिता : नऊ भाषांत.

पंढरीनाथ : ती फेरीपण जाणार?

इशिता : सगळ्याच जाणार.

पंढरीनाथ : वेळ काय झाली?

इशिता : बारा चोपन्न.

पंढरीनाथ : मी गेमातला माणूस नाही. मला मीठ आणि राक्षस वेगळे ओळखता येत नाहीत. पण चाळीस सेकंदांत ती गेली असती, तर मला पटलं नसतं. एवढंच माझं मत. बाकी नोकरी तुझी आहे, हप्ते तुझे आहेत.

इशिता : लिहिते त्याला. फेऱ्या काढू नका. सातवी तर नाहीच. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी सोडून द्यावं, आमच्याकडेही चौथ्या खेपेला लोकांनी सोडलं होतं. आणि फिल्म मी लिहिणार नाही. ठीक आहे एवढं?

पंढरीनाथ : शेवटी कळावे घाल.

इशिता : चॅटवर कळावे नसतं, बाबा.

पंढरीनाथ : मग असंच पाठव. उद्धट वाटेल, पण चालेल.

इशिता : गेलं.

पंढरीनाथ : काही वाटतंय?

इशिता : नाही. हात गार पडलेत थोडे.

पंढरीनाथ : सुरुवात तिथूनच होते बहुतेक.

इशिता : तुम्ही असे बसून राहिला नसतात ना, तर मी हो म्हणून मोकळी झाले असते. खरंच. एवढा वेळ त्या बोटीत कुणीच बसलं नसेल. मीसुद्धा नाही.

पंढरीनाथ : ते राहू दे. आता मला एवढंच दाखव, या बोटीतून उतरायचं बटण कुठलं? दहा वाजल्यापासून सगळी दाबून झाली.