परीक्षकाची सही

प्रमुख : पदविकेच्या प्रवेशाचा हा तिसरा मार्ग झाला. पहिल्या दोन मार्गांचं काय झालं, बाई?

मदतनीस : पहिल्याला बारावीचं गणित लागतं, सर. माझं दहावीलाच सुटलं. दुसरा म्हणजे पूर्वतयारीचं वर्ष. वर्गाला किमान दहा जण हवे होते, आम्ही तिघं होतो. वर्गच बंद केला.

प्रमुख : आणि तिसरा अनुभवाचा.

मदतनीस : दहा वर्षं स्वतः तपासण्या केल्याचा पुरावा द्यायचा, की तंत्रज्ञ पदविकेला थेट प्रवेश. माझी एकोणीस झाली. वयाची अट पंचेचाळीस. पुढच्या वर्षी मी त्यात बसत नाही, आणि अर्ज आज पाचपर्यंतच घेणार आहेत.

प्रमुख : मग अडलंय कुठे? या प्रयोगशाळेत येणारं पाणी तुम्हीच तपासता, हे या भिंतींनाही ठाऊक आहे.

मदतनीस : भिंतींची साक्ष चालत नाही. नोंदवहीची दहा पानं जोडायची, परीक्षकाच्या जागी माझी सही असलेली. सगळ्या वह्या पाहिल्या. एकही पान नाही. सगळीकडे तुमची सही आहे.

प्रमुख : पदवीधरानेच सही करायची, असा नियम आहे.

मदतनीस : तो पाळायला मीच होते ना! पहिल्याच महिन्यात तुम्ही तुमची सही माझ्याकडून गिरवून घेतलीत. 'शेवटची रेघ लांब ओढा, कोणी बघत नाही.' तुमच्या मोतीबिंदूच्या रजेतही तुम्ही रोज चौदा नमुने तपासलेत, सर.

प्रमुख : हळू बोला. ही धमकी आहे का?

मदतनीस : विनंती आहे. एक ओळ लिहा : तपासण्या यांनी केल्या.

प्रमुख : त्या एका ओळीने एकोणीस वर्षांचे अहवाल रद्द होतील.

मदतनीस : फेरतपासणीत माझा एकही आकडा चुकलेला नाही.

प्रमुख : आकडा बरोबर असणं वेगळं आणि ग्राह्य असणं वेगळं. शिवाय चौकशी झालीच, तर पहिला प्रश्न हाच येईल की या सह्या कोणाच्या हातच्या. मी निवृत्तीला आलोय. तुमची नोकरी जाईल.

(मदतनीस अर्जाचे कागद गोळा करू लागते.)

प्रमुख : शिफारसपत्र देतो ना. प्रामाणिक, वक्तशीर. बाटल्या निर्जंतुक करतात, नमुने क्रमाने मांडतात.

मदतनीस : बाटल्या धुणारीला तिथे कोण घेणार?

प्रमुख : कोणी नाही. पण याहून जास्त मला एक शब्दही लिहिता येत नाही.

मदतनीस : बरं. अर्ज कोरा जाण्यापेक्षा तेवढं तरी जोडते.

प्रमुख : टाइप करून घ्या. मी बैठकीला निघालो, यायला सहा वाजतील.

मदतनीस : सहा? मग पत्रावर सही, सर?

प्रमुख : नेहमीसारखीच, बाई.