टाच

(रेवसजवळचं मिठागर, १९३७. बांधावर काळूराम, त्याची बायको मैना आणि काळूरामचा मुक्केबाजीतला उस्ताद इसाकमियाँ. उस्ताद सकाळच्या बोटीनं मुंबईहून आला आहे.)

इसाक : गाठोडं ठेव खाली. भरती आल्याशिवाय बोट सुटायची नाही. आधी हात दाखव.

काळूराम : हायत की जागच्या जागी. फावड्यानं घट्टे पडलेत, एवढंच.

इसाक : माशाल्ला! ही मूठ आहे की नारळ? गोदीत सगळ्यांना सांगून आलोय, माझ्या चॅम्पियननं पाच वर्षं कुणाचा ठोसा खाल्ला नाही. मिठातल्या माशासारखा टिकलाय म्हटलं.

मैना : ठोसा नसंल खाल्ला. सासऱ्यांच्या शिव्या पोटभर खाल्ल्या.

काळूराम : गप गं.

मैना : का गप? चाचा, उधाणात बांध फुटला तवा हे आले, एका मोसमापुरते. तवर सासरे अंथरुणाला खिळले. मग मीठ झालं का भात, भात झालं का मीठ. त्यो जिंकलेला पट्टा मीच पुसते. खंडेनवमीला कोयत्याशेजारी मांडते.

इसाक : आणि आता?

मैना : सासरे शिमग्याआधी गेले. दीर म्हनतो, आगर मी बघतो, दादाला जाऊ दे. न्या यांना, चाचा. रोज सांजचं मिठाच्या गोणीला ठोसे मारत बसतात. झोपेतसुद्धा खांदा उडतो.

इसाक : नेतो की! त्यासाठीच आलोय. रेल्वेतला तो पिंटो आठवतो? तुझ्यापुढं दुसऱ्या फेरीत बसला होता. आता चॅम्पियन म्हणून मिरवतोय. ऐतवारी तुझी लढत त्याच्याशीच आहे. चल, बोट सुटेपर्यंत अंग मोकळं कर. मी हात टाकतो, तू चुकव. म्हाताऱ्याची गंमत बघ.

काळूराम : टाका.

इसाक : हा घे.

मैना : अगो बाई! लागलं?

काळूराम : न्हाय गं. बेसावध होतो. परत, उस्ताद.

इसाक : डावा येतोय. सांगून टाकतो... हा!

मैना : सांगून टाकलात तरी...

काळूराम : परत.

इसाक : बस झालं.

काळूराम : परत म्हनतो ना!

इसाक : काळू, माझा हात दिसतो का तुला?

काळूराम : दिसतो. सुटतो तवाच दिसतो. अंगाला म्हनतो, सरक. अंग ऐकंपर्यंत गालावर बसलेला असतो.

इसाक : खाली बघ. टाचा बघ तुझ्या.

काळूराम : काय झालं त्यांना?

इसाक : दोन्ही जमिनीला चिकटल्यात. तुझ्या टाचेखाली मी शिंपल्या ठेवायचो. फुटली तर जेवण नाही. विसरलास? ये चवड्यावर.

काळूराम : आलो.

इसाक : नाही आलास, बेटा.

काळूराम : ...कोंडीत, मिठाच्या वाफ्यात, चवड्यावर चाललं का तळ उखडतो, उस्ताद. चिखल वर येतो, मीठ काळं पडतं. पहिल्या मोसमाला बापूस पोटऱ्यांवर काठी मारायचा. म्हनायचा, ह्यो मुंबईचा नाच हितं नको, सबंद पाऊल टाक. मग शिकलो.

इसाक : चांगलंच शिकलास.

काळूराम : दोन महिने द्या. परत शिकतो. तुमी म्हनाल तेवढ्या शिंपल्या ठेवा.

इसाक : पंचविशीत दोन महिने पुरले असते. आता तिशी आली. मधली होती तीच तुझी वर्षं होती रे. मूठ म्हातारपणापर्यंत राहते. पाय आधी जातात.

काळूराम : म्हंजे नेत न्हाय मला.

इसाक : पिंटो तुला मारील आणि मी दोरीबाहेरून बघत बसू? माझं काळीज तुटतंय, काळू. पण नाही नेणार.

मैना : चाचा, असं कसं? भाकऱ्या बांधल्यात मी. सगळ्या आळीला सांगून झालंय. रोज त्या गोणीला एवढे ठोसे मारलेत यांनी, ते काय वाया गेले?

काळूराम : गोणी उलटून मारत न्हाय, मैना. सोड ते गाठोडं.

मैना : न्हाय सोडत.

काळूराम : सोड म्हनतो. मिठातला मासा टिकतो, उस्ताद. पोहत न्हाय.

इसाक : गोदीत काय सांगू त्यांना?

काळूराम : आजारी सांगू नका. बापसाचं नाव पन नको. मीठ काढतोय म्हनावं.

मैना : ह्या भाकऱ्या तुमीच न्या, चाचा. आता घरात कोन खानार त्या?

इसाक : दे, पोरी. पाणी चढायला लागलं. निघतो मी.

काळूराम : उस्ताद...

इसाक : आता अडवू नकोस.

काळूराम : अडवत न्हाय. चवड्यावर नका चालू तसं. बांध ओला हाय. टाच टेकून चाला.