हशा वहिनीचा, प्रोग्राम आमचा

वहिनीशी मी खोटं बोललो, ते आधी लिहून घ्या, कारण बाकीचं मी अभिमानानंच सांगणार आहे आणि त्या भरात हे राहून जाईल. उज्जैनच्या लोकल केबल चॅनलवर एडिटिंग करायचो मी. वडील बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून इकडे आले ते इथलेच झाले, आम्ही दोघं भाऊ इथेच जन्मलो, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही.

केबल नवीन होती ते दिवस काय सांगू तुम्हाला. बाहेरचे चॅनल धडाधड येत होते आणि आमच्या सेठजींनी ठरवलं की आपलाही प्रोग्राम पाहिजे, इथल्या बोलीत, हसवणारा. फ्रीगंजमध्ये मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या, दोन व्हीसीआर, एक कॅमेरा, तोही लग्नसराईत भाड्यानं जायचा म्हणून आमचं शूटिंग मुहूर्त नसेल त्या दिवशी. नट, लिहिणारा, मी, सगळे पुरुष. बायकोचं काम गिरीश साडी नेसून करायचा, आणि तेवढीच एक गंमत होती आमच्याकडे, बायको लाटणं घेऊन आली, बायको जाडी झाली, बायको माहेरी गेली मजा आली. दर शनिवारी हेच. तरी सांगतो, मला अभिमान होता, अजून आहे, शनिवारी संध्याकाळी पानाच्या दुकानासमोर लोक उभे राहून मी जोडलेला टेप बघायचे.

फक्त एक कमी होतं. मोठ्या चॅनलवर मागून हसण्याचा आवाज यायचा, आमच्याकडे जोक झाला की पंख्याचा आवाज. सेठजी म्हणाले, हँसी भरो. मी म्हटलं मोहल्ल्यातल्या बायका बोलावू, त्या मोकळ्या हसतात. म्हणजे बघा, आमच्या प्रोग्रामात बाई पहिल्यांदा आली ती हसायला.

वहिनीनंच सगळ्यांना गोळा केलं. वहिनी म्हणजे मालती, माझ्या मोठ्या भावाची बायको. फ्रीगंजमध्येच चादरींच्या दुकानात काउंटरवर असायची, इथल्याच भैरवगढच्या छापाच्या चादरी विकायची. दुपारी सतरंजी टाकली, वर माईक लटकवला, आमच्या नटांनी एकेक जोक मारला. बायका एकमेकींकडे बघतायत. गिरीश कंबर हलवत आला तर एक काकू म्हणाल्या, बेटा, पहले साड़ी तो ढंग से बाँध ले.

तेव्हा वहिनी उठली. म्हणाली भाऊजी, मी करून दाखवू का थोडं, नाहीतर ह्या समोसे खाऊन उठतील. आणि तिनं दुकानातलं गिऱ्हाईक केलं, सुनेसाठी चादर घ्यायला आलेली सासू. ओढून बघते, वास घेते, उजेडात धरते, विचारते इसका रंग तो नहीं जाएगा? मग वहिनीच दुकानदारीण होऊन म्हणते, नहीं माताजी, पक्का है, पाँच साल नहीं जाएगा. सासूचं तोंड उतरतं. रहने दो फिर, रंग ही नहीं जाएगा तो बहू को सुनाऊँगी क्या?

काय हसल्या हो बायका. कमलताईंच्या मांडीवरचं बाळ घाबरून रडायला लागलं, त्यावर पुन्हा हसल्या. मी हेडफोन लावून बसलो होतो, टेप फिरत होता, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

जाताना वहिनी जिन्यात थांबली. भाऊजी, हे घेणार ना प्रोग्रामात? नाही घेतलं तरी चालेल असं तिनं म्हटलं नाही बरं का. तिला पाहिजे होतं. मी सेठजींना टेप ऐकवला. ते हसले, रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, है तो ज़बरदस्त, पर घर की औरत टीवी पर मसखरी करे, अच्छा नहीं लगता, और फिर गिरीश क्या करेगा? गिरीश शेजारीच उभा, जमिनीकडे बघत. मी टेप काढून डब्यात घातला. घरी आलो तर वहिनीनं चहा हातात देत विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं वहिनी, घोटाळा झाला, टेपच चालू नव्हता. ती म्हणाली, असं होय. एवढंच.

आणि मी काय केलं, तिचं बोलणं काढून टाकलं आणि हशा ठेवला. छोट्या जोकामागे छोटा तुकडा, मोठ्यामागे मोठा. प्रोग्राम काही वर्षं चालला, लोक म्हणायचे क्या पब्लिक हँसती है यार. लाटणं दिसलं की बायका हसतायत, आणि मागे ते बाळ रडतंय, ते काही केल्या निघेना. घरी आम्ही सगळे एकत्र बघायचो. बाळ रडलं की वहिनी उठून कुकर लावायला जायची. मला वाटायचं तिला कळलं नसेल.

पुढे चॅनल बंद पडलं, मी लग्नाचे व्हिडिओ करू लागलो. वहिनी मात्र थांबली नाही, हे ठळक लिहा. हळदीकुंकवात सुरुवात केली, मग मंडळाच्या गणपतीत, स्टेजवर एकटी. आज तिच्याबरोबर चार-पाच मुली आहेत, स्वतः लिहितात, स्वतः करतात, इंदूर-देवासहून बोलावणं येतं. त्यांचे नवरे खुर्च्या मांडतात, मी माईक लावतो, आणि कोणी विचारलं की सांगतो, ही माझी वहिनी.

गेल्या गणपतीत कार्यक्रमाआधी माईक तपासताना मी एकदम म्हणून गेलो, वहिनी, तेव्हा टेप चालू होता. ती पदर नीट करत होती. म्हणाली, माहितीये भाऊजी, कमलचं बाळ मी ओळखणार नाही? मी म्हटलं, मग बोलल्या का नाहीत? म्हणाली, तुम्ही कधी बोलता ते बघत होते. आणि मला एकटीला काय सांगता, हसल्या त्या ह्या सगळ्या, त्यांना तुम्ही त्या लाटण्यावर हसवलंत. माईक आहे ना हातात?

समोर बायका बसल्या होत्या, त्यातल्या कितीतरी त्याच, आता चष्मे लागलेल्या. सगळ्यांना समजावं म्हणून मी हिंदीत बोललो. म्हटलं, उस दिन आप सब मालती भाभी की बात पर हँसी थीं, हमारी किसी बात पर नहीं. मैंने उनकी बात मिटा दी और आपकी हँसी अपने नाम कर ली. मग वहिनीकडे वळून मराठीत म्हणालो, वहिनी, सेठजी नाही म्हणाले ते त्यांचं, पण तुमच्याशी खोटं मी बोललो. मला माफ करा.